एक हात तार

भाचा डॅलसला असतो. त्याच्याकडे तीन आठवडे राहिल्यावर बघायचं ते सगळं बघून झालं, तेव्हा त्याने विचारलं, "मामा, आता कुठे?" मी म्हटलं, तारेचं म्युझियम बघायचंय. कसली तार? काटेरी. भाचेसुनेने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी ओळखतो. निवृत्त माणसाकडे घरातले अधूनमधून तसं बघतात.

पाचेक तासांचा रस्ता. टेक्ससच्या उत्तरेकडचं मॅकलीन हे छोटंसं गाव, रूट ६६ हा जुना हमरस्ता याच गावातून जायचा. संग्रहालयाचं नाव 'डेव्हिल्स रोप', म्हणजे सैतानाचा दोर. १९९१ साली ते सुरू झालं, आणि ज्या इमारतीत आहे तिथे पूर्वी ब्रेसियरचा कारखाना होता. भाच्याने हे गाडीत वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतोय. दाराबाहेर गंजक्या तारेचे दोन भलेमोठे गोळे ठेवलेत, लोकरीचे असावेत तसे गुंडाळलेले. गुरं-शेतीच्या वारशाची संग्रहालयं या मुलखात बरीच आहेत. लबकला टेक्सस टेक विद्यापीठाच्या जागेत जुनी घरं, गोठे, पवनचक्क्या ठिकठिकाणाहून उचलून आणून अख्खी वस्ती उभी केलीय. कॅन्यन गावातलं पॅनहँडल-प्लेन्स संग्रहालय तर १९३३ पासूनचं. गुरांच्या मुलखात तार कुठेही भेटतेच, पण बहुधा कोपऱ्यात. मॅकलीनला ती गाभाऱ्यात आहे.

आत फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर एकाखाली एक तारेचे तुकडे. दोन काट्यांची, चार काट्यांची, चपट्या पट्टीची, चांदणीसारखे पत्रे ओवलेली. प्रत्येक तुकडा १८ इंचांचा. जुनी तार जमवणाऱ्यांनी आपसांत ठरवलेलं हे माप आहे, तेवढ्यात पीळ आणि तीन-चार काटे नीट दिसतात. १८ इंच म्हणजे आपला एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आपल्याकडे अशी तार भंगारवाला किलोवर नेतो, तीही कुरकुरत. इथे दुर्मीळ जातीच्या हातभर तुकड्याला शेकडो डॉलर मोजणारे लोक आहेत.

या तुकड्यांचं मूळ शोधायला गेलं की पहिल्यांदा लोखंड लागत नाही, झाड लागतं. अमेरिकेच्या मध्यभागातली ती गवताळ माळरानं, प्रेअरी, तिथे पूर्वेकडून शेतकरी आला तो लाकडाचं किंवा दगडाचं कुंपण घालायची सवय घेऊन. इथे लाकूड नाही, दगड नाही. कुंपणाचा खर्च जमिनीच्या किमतीवर जायला लागला. १८७१ च्या एका सरकारी अहवालाने हिशेब मांडला तो असा, की देशात गुराढोरांत जेवढा पैसा गुंतलाय जवळपास तेवढाच कुंपणांत गुंतलाय. मग इलिनॉयमधल्या जोनाथन बाल्डविन टर्नर या प्राध्यापकाने ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाचा ध्यास घेतला. ओळीत लावायचं, छाटून छाटून दाट करायचं, की घोड्याला ओलांडता येत नाही आणि डुकराला खालून घुसता येत नाही. उत्तम. फक्त गुरं अडवण्याइतकं वाढायला त्याला तीन-चार वर्षं लागायची, आणि तोवर पिकाचं काय, हा प्रश्न तसाच राहायचा.

कारण कायदा गुरांच्या बाजूने होता. मोकळ्या कुरणांच्या त्या मुलखात गुरं कुठेही चरत. ज्याला पीक वाचवायचं असेल त्याने पिकाभोवती कुंपण घालावं. नाही घातलं आणि गुरांनी शेत फस्त केलं, तर चूक शेतकऱ्याची. म्युझियममधल्या पाटीपुढे मी थबकलो तो या मुद्द्यावर, कारण आपल्याकडे हे बरोबर उलटं होतं. त्यावर येतोच.

झाडाचा काटा लोखंडाला बसवावा हे बऱ्याच जणांना सुचलं होतं. ओहायोच्या ल्युसियन स्मिथने १८६७ साली पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी मायकेल केलीने. केलीने तर आपल्या कुंपणाला 'काटेरी' हेच विशेषण लावलं होतं. पण गाडी हलली ती १८७३ साली, इलिनॉयमधल्या डीकाल्ब परगण्याच्या जत्रेत. हेन्री रोझ नावाच्या शेतकऱ्याने एक लाकडी पट्टी मांडली होती. तिच्यातून लोखंडी टोकं बाहेर आलेली, आणि ती साध्या तारेच्या कुंपणावर लटकवायची. जत्रेतल्या गर्दीतले तिघे त्या पट्टीपाशी रेंगाळले. जोसेफ ग्लिडन, साठीचा शेतकरी. जेकब हेश, लाकडाचा व्यापारी. आयझॅक एलवूड, लोखंडी सामानाचा दुकानदार. तिघांच्याही डोक्यात एकच आलं, की लाकूड कशाला, काटे थेट तारेलाच बसवू.

बसवणं सोपं, अडचण वेगळीच होती. तारेला गुंडाळलेला काटा गुराच्या धक्क्याने सरकतो, स्वतःभोवती गरकन फिरतो. थोड्या दिवसांत सगळे काटे एका बाजूला गोळा. ग्लिडनची अक्कल इथे दिसते. सांगतात की त्याने घरातल्या कॉफी दळायच्या यंत्रात फेरफार करून तारेच्या बोटभर तुकड्यांची वेटोळी पाडली. दोन्ही टोकं तिरकी छाटलेली, म्हणजे आपोआप धारदार. ती वेटोळी एका लांब तारेत ओवली, आणि तिच्याबरोबर दुसरी तार घेऊन दोघींना पीळ दिला. पीळ द्यायला धार लावायच्या दगडाचा दांडा वापरला म्हणे. दुसऱ्या तारेने काटा जागच्या जागी आवळला गेला. आज आपल्या बाजारात बारा गेजचं जे बंडल मिळतं ते जवळून बघा. दोन तारा, पीळ, आणि पिळाच्या बेचक्यात अडकलेला काटा. दीडशे वर्षांत यात बदलण्यासारखं फारसं काही कुणाला सापडलेलं नाही.

पेटंट मिळालं २४ नोव्हेंबर १८७४ ला, क्रमांक १,५७,१२४. एलवूडने अर्धा हिस्सा २६५ डॉलरला घेतला. उरलेला अर्धा ग्लिडनने १८७६ साली वॉशबर्न अँड मोएन या मॅसॅच्युसेट्समधल्या तारेच्या कंपनीला ६०,००० डॉलर आणि वर मालावर रॉयल्टी घेऊन विकला. हेश भडकला. त्याचीही तार होती, त्याचंही पेटंट होतं. खटल्यांवर खटले झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली ग्लिडनच्या बाजूने निकाल दिला, तोवर पेटंटची सतरा वर्षांची मुदत संपून गेली होती. वाचताना आमच्या भावकीतला बांधाचा दावा आठवला. तोही असाच, जिंकला कोण हे कळायला आजोबा उरले नाहीत.

१८७४ साली या तारेचा देशभरातला खप होता १०,००० पौंड. १८८० साली आठ कोटींवर गेला. शंभर पौंडांना २० डॉलर पडणारी तार १८९७ पर्यंत दोन डॉलरच्याही खाली आली. टेक्ससचे गुरंवाले सुरुवातीला हसत होते, म्हणे या दोऱ्याला आमचा लाँगहॉर्न काय जुमानतोय! मग १८७६ साली जॉन गेट्स नावाच्या पोरसवदा विक्रेत्याने सॅन अँटोनियोच्या चौकात तारेचं आवार करून त्यात बैल सोडले, बैलांनी धडका मारल्या आणि तार टिकली, अशी गोष्ट सांगतात. टेक्ससमध्ये ती सगळ्यांना पाठ आहे. अभ्यासक जरा सबुरीने घेतात.

गोष्ट खरी असो नसो, तार शिरली. ऑस्टिनला राज्याचं विधानभवन बांधून देण्याच्या बदल्यात शिकागोच्या भांडवलदारांना उत्तर टेक्ससमध्ये तीस लाख एकर जमीन मिळाली. त्यावर एक्सआयटी रँच उभा राहिला आणि त्याच्या कुंपणाला सुमारे ६,००० मैल तार लागली. तीस लाख एकर म्हणजे आपला एक बऱ्यापैकी जिल्हा, एका मालकाच्या तारेत.

या इतिहासातलं एक पान मात्र म्युझियममध्ये उभं राहून वाचवत नाही. उत्तरेची गुरं चरत चरत खाली येऊन आपलं गवत खातात म्हणून १८८० च्या दशकात पॅनहँडलच्या, म्हणजे टेक्ससच्या या उत्तर भागातल्या, गुरंवाल्यांनी पूर्व-पश्चिम आडवं असं दोनेकशे मैलांचं कुंपण घातलं. बर्फाचं वादळ आलं की मोकळी गुरं वाऱ्याकडे पाठ करून दक्षिणेला चालत सुटतात, कुठे घळ सापडेपर्यंत. जानेवारी १८८६ च्या वादळात ती अशीच निघाली आणि तारेला येऊन थटली. मागची पुढच्यांना रेटत राहिली. सकाळी तारेच्या कडेने गोठलेल्या गुरांची रांग होती, हजारोंनी. तिथली माणसं त्या प्रसंगाला 'डाय-अप' म्हणतात. गुरं हाकून गोळा करणं म्हणजे राउंडअप, त्यावर केलेली ही काळीकुट्ट कोटी.

माणसंही थटलीच. लहान गुरंवाले, ज्यांच्याकडे गुरं होती पण सातबारा नव्हता, एका सकाळी उठून बघतात तर पाणवठा तारेच्या पलीकडे. १८८३ च्या दुष्काळात त्यांनी रात्री पकडी घेऊन मैलोन् मैल तारा तोडल्या. गोळीबार झाले, माणसं मेली. १८८४ च्या जानेवारीत टेक्ससच्या विधिमंडळाचं खास अधिवेशन भरलं आणि कायदा झाला. तार तोडणं हा मोठा गुन्हा, तुरुंगवासाचा. दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन तारेत घालून घेणं, हा किरकोळ गुन्हा. शिवाय दर तीन मैलांवर फाटक ठेवा असंही त्यात होतं. कुंपणच शेत खातं ही म्हण आपण रखवालदारासाठी वापरतो. टेक्ससमध्ये कुंपणाने खरोखरची शेतं खाल्ली, तीही शेकडो मैल.

कॅन्ससमधल्या ला क्रॉसला मला जाता आलं नाही, ते राहिलं ते राहिलंच. तिथल्या तारेच्या संग्रहालयात दोन हजारांवर जाती आहेत. पण मला बघायचं होतं ते तिथलं डोमकावळ्याचं घरटं. झाड नसलेल्या मुलखात काड्या कुठल्या? पक्ष्याने तारेचे तुकडे गोळा करून घरटं बांधलं, वजन ७२ पौंड. आणखी एक उपयोग पक्ष्याइतक्याच हुशारीचा. बेलच्या टेलिफोन पेटंटची मुदत संपल्यावर आडगावच्या शेतकऱ्यांनी स्वतःच फोन विकत घेऊन ते कुंपणाच्या तारेला जोडले. तार घरोघर गेलेलीच होती! इन्सुलेटर म्हणून बाटल्यांच्या माना, चामड्याचे तुकडे, मक्याची बुरकुंडं. पाऊस पडला की बोलणं बंद. म्हणजे जी तार शेजाऱ्याला अडवायला घातली तिच्यावरूनच शेजारणी ख्यालीखुशाली विचारत होत्या.

तारेची पुढची पिढी लष्करात गेली. बोअर युद्धात इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेच्या माळांवर सुमारे ८,००० ठाणी बांधून मधे काटेरी तार ताणली आणि घोड्यावरचे बोअर गुरांसारखे कोंडले. पकडलेल्यांतले काही आपल्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, कैदी म्हणून येऊन राहिले होते. त्यानंतरच्या खंदकांविषयी आणि छावण्यांविषयी सगळ्यांना माहीत आहे.

आता आपल्याकडचं. ग्लिडन कॉफीचं यंत्र फिरवत होता त्याच सुमाराला हिंदुस्थानात जगातलं बहुधा सर्वांत लांब काटेरी कुंपण उभं होतं, आणि ते झाडांचं होतं. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैलांची जकातरेषा आखली होती. तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला, आणि पंजाबातल्या लय्यापासून आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूरपर्यंत जमेल तिथे काट्यांची भिंत. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. जिथे रोप धरत नव्हतं तिथे तोडलेल्या काट्यांचे ढीग. ॲलन ह्यूम, तेच पुढे काँग्रेसच्या स्थापनेतले, या खात्याचे कमिशनर होते आणि ही जिवंत वई जोपासण्यात त्यांनी मन घातलं होतं. १ एप्रिल १८७९ ला ती रेषा बंद झाली. काटे शेतकऱ्यांनी सरपणाला नेले असतील किंवा शेताला लावले असतील, आपण दुसरं काय करणार!

ती वई सरकारची. शेतकऱ्याच्या शेताला मात्र, निदान आमच्या देशावर, बहुतेक कुंपणच नसायचं. कोकणात गडगे, विहिरीखालच्या बागायतीला शेर, घायपात, सागरगोटा, खळ्याभोवती बोरीचे फास. जिरायत रान उघडं. असं चालायचं, कारण जबाबदारी गुरांच्या धन्याची होती. गुरं राखायला पोरगं असायचं. दुसऱ्याच्या पिकात शिरली तर शेतकरी ती हाकत कोंडवाड्यात नेऊन घालायचा आणि धनी दंड भरून सोडवून आणायचा. गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा हेच सांगतो. वर्ष बघा, ज्या वर्षी अमेरिकन सरकार कुंपणाचा खर्च मोजत होतं तेच. टेक्ससमध्ये पीकवाल्याने कुंपण घालायचं, इथे गुरंवाल्याने गुरं आवरायची.

आणि आवरायचं साधन होतं, अजून आहे. धनगराची वाघर. दोरीचं विणलेलं कमरेएवढं जाळं. दिवसभर ते घोड्याच्या पाठीवर, संध्याकाळी जिथे मुक्काम तिथे मेखा ठोकून गोल लावायचं, मेंढरं आत. सकाळी उपटून पुढच्या रानात. फलटण-माणकडचे धनगर दिवाळीच्या आगेमागे कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात, वाटेत आमच्या पुरंदरातली रानं. शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे. चार रात्री मेंढरं बसवली की लेंडी-मुताचं खत थेट रानात, बदल्यात धान्य किंवा रोख. या कुंपणाचं ओझं गुरंवाल्याच्या घोड्यावर आणि फायदा शेतकऱ्याच्या मातीत. मॅकलीनच्या फळ्यांवर मी वाघरीला जागा शोधत होतो. हातभर तुकडा कापला तर तिचं नुसतं सुतळीचं भेंडोळं होईल.

आमच्या नानांनी अंजिराच्या बागेला तार घातली २००४ साली. जुनी शेराची वई काढली, लोखंडी अँगल रोवले, पाच पदर ताणले. पहारीचा तरफेसारखा जोर लावून तार ताणताना एक पदर माझ्या हातून सुटला. पोटरीवरची खूण आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ही त्या कामातली माझी कमाई. बागेला लागून असलेला दीड एकराचा पडीक तुकडाही नानांनी त्याच तारेत घेतला, म्हणजे पुढेमागे कुणी हक्क सांगायला नको. त्या वर्षीपासून धनगर बाहेरून जायला लागले. एकदा एक कोकरू तारेत मानेला अडकलं, धनगराची बायको ते सोडवताना काही बोलली नाही. नानाही काही बोलले नाहीत.

गुरं थांबली, रानडुक्कर थांबलं नाही. ते तार वर उचलत नाही, खालून माती उकरतं. म्हणून आता तारेच्या आत झटका मशीन आलंय. सोलरची पाटी, बॅटरी, आणि रात्रभर टक् टक् असा आवाज. मशीन परवडत नाही म्हणून थेट लाइनचा करंट तारेत सोडणारेही आहेत. त्यात डुकरं मरतात, कधी बांधावरून चालणारा माणूस मरतो.

परत आल्यावर दिवाळीनंतर गावी गेलो होतो. ट्रकने आलेल्या लेंडीखताचा भाव ऐकून नानांनी यंदा स्वतः धनगरांना निरोप धाडला होता. प्रश्न आला मेंढरं आत घ्यायची कुठून, कारण फाटक बागेच्या बाजूला. शेवटी पडीक तुकड्याकडचे खालचे तीन पदर अँगलपासून सोडले, वरच्या दोनांवर पोती टाकून ते काठीने उचलून धरले. मेंढरं एकेक करून वाकून आत आली, दोनेकशे तरी असतील, त्याला अर्धा तास लागला. झटका बंद ठेवला होता. आत आल्यावर धनगराने मेखा ठोकल्या आणि वाघर लावली, म्हणजे मेंढरं अंजिरात शिरायला नकोत. पाच पदरी तारेच्या आत ते सुतळीचं जाळं बघून नाना माझ्याकडे बघून हसले.

चार रात्रींनी ते गेले. सोडलेले पदर परत ताणताना सगळ्यात खालचा गंजून तुटला. मी पकड घेतली, कोपर ते बोट मापलं आणि हातभर कापून घेतला. भाच्याने मागितला होता, म्युझियमला पाठवायला.

"हे अमेरिकेला?" नाना म्हणाले. "अन् पोस्टाचा खर्च कोण देणार?"